संदर्भांचा आहेर

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सायटेशन म्हणजे काय, हे मला पीएचडीला लागल्यावरच कळलं. दुसऱ्या कुणी आपल्या शोधनिबंधात आपल्या कामाचा संदर्भ दिला की आपलं एक सायटेशन वाढतं. माझे मार्गदर्शक सर औषधी रसायनशास्त्राचे. सांगलीच्या आमच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या खोल्यांबाहेर त्यांचे निबंध किती, सायटेशन किती, याच्या पाट्या आहेत. सरांचा आकडा सगळ्यांत मोठा. पहिल्या वर्षी त्या पाटीसमोरून जाताना मी उगीचच ओढणी सारखी करायची.

सूज कमी करणाऱ्या औषधासाठी मी काही नवे रेणू तयार केले. बरेचसे निकामी निघाले, एखाद-दुसरा बरा निघाला. त्यावर माझा पहिला निबंध लिहिला. सरांनी तो तपासून दिला, तेव्हा शेवटच्या यादीत मी न घातलेले संदर्भ दिसले. सगळे साताऱ्याच्या एका प्राध्यापकांचे.

"त्यांनी आपले घेतलेत, आपण त्यांचे घ्यायचे," सर म्हणाले. "वाचले नाहीस तरी चालतील."

मी वाचले. एक गोळीवर चढवायच्या आवरणाबद्दल होता, एक पावडर ओलसर होऊ नये म्हणून काय करावं याबद्दल. काम वाईट नव्हतं. माझ्या रेणूंशी मात्र त्याचा काही संबंध नव्हता.

कुंडलला घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. वाटलं, ती माझी बाजू घेईल.

"आहेरच की ह्यो," शेंगा फोडता फोडता ती म्हणाली. "त्यांनी आपल्यात लुगडं आणलं, तर आपुन त्यांच्यात नेतोच की. न्हाई नेलं तर नावं ठेवत्यात."

"अगं, लुगडं नेसता तरी येतं. याचा काय उपयोग?"

"आहेरातलं लुगडं कोण नेसतंय गं? फुडं सरकवायचंच असतंय ते. घाल जा. लय शानपना करू नगंस."

मला हसू आलं आणि रागही आला, कारण तिचं बरोबर होतं. अगदी तेच चाललं होतं. पण मी मराठी शाळेतून आले. घरात विचारायला कुणी नव्हतं. शब्दकोश शेजारी ठेवून एक निबंध वाचायचा, त्याच्या खालच्या यादीतून पुढचा शोधायचा, असं करत मी हा विषय शिकले. त्या याद्यांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. त्या अशाच भरलेल्या असत्या तर मी कुठं पोचले असते? उद्या माझी यादी उघडणारीही कुणी तशीच असेल.

मी ते संदर्भ काढून टाकले.

"मग निबंध थांबेल," सर म्हणाले.

"थांबू द्या, सर."

पुढं माझ्या कामाच्या प्रगतीचं सादरीकरण साताऱ्यात ठरलं, आणि तपासायला नेमके तेच प्राध्यापक. माझं बोलून झाल्यावर त्यांनी यादी पुन्हा पडद्यावर आणायला सांगितली.

"काय ताई, आमच्याकडचं काही वाचनात आलं नाही वाटतं?"

दोघं-तिघं हसले.

"आलंय, सर. सगळं वाचलंय. गोळीच्या आवरणावरचं काम चांगलं आहे. माझ्या रेणूंशी संबंध लागला नाही, म्हणून घेतलं नाही."

त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. थोड्या वेळानं शेरा हातात पडला: संदर्भवाचन अपुरं, सादरीकरण पुन्हा करावं.

परत येताना मी सरांच्या गाडीत होते. कराड आल्यावर सर म्हणाले, "काय मिळालं तुला?"

"पुन्हा यायला मिळालं, सर."

"पुढच्या वेळी तरी घालशील?"

"न्हाई." घाबरले की माझ्या तोंडून गावाकडचं निघतं. एरवी मी लगेच सुधारून बोलते. त्या दिवशी तसंच राहू दिलं.

आता पुढच्या आठवड्यात पुन्हा साताऱ्याला जायचंय. निबंध अजून सरांच्या टेबलावरच आहे आणि यादी होती तशीच आहे. या वेळी मात्र कुणी विचारायची वाट बघणार नाही. काय वाचलं आणि ते का घेतलं नाही, हे मीच आधी सांगणार आहे. तोंडून गावाकडचं निघालं तर निघू दे.