पाचव्या पानाचे टोक

डॉ. चिंचणकर सर आणि माझी पहिली भेट लोणी काळभोरच्या मक्याच्या प्लॉटवर झाली. मी नमस्कार केला. सरांनी उत्तरादाखल एका खालच्या पानावर बाटलीने पाणी फवारले. थेंब गोल राहिले. वरच्या पानावर फवारले, ते पसरले.

"खालचं बालवयातलं, मेणाचं. वरचं प्रौढ, मेण नाही, लव आहे. हा बदल कितव्या पानावर होतो, एवढंच मोजायचंय."

'एवढंच' या शब्दावर मी विश्वास ठेवला. त्यात माझी पीएच.डी.ची चार वर्षे गेली.

मक्याची खालची पाने वाळून गळतात. म्हणून पाचव्या पानाचे टोक आधीच कातरून ठेवतात. तिथून पुढे मोजले की चूक होत नाही. शेवटच्या प्रयोगात दर ओळीत मक्याचे वेगळे वाण होते. त्यातल्या एका ओळीत मी हे विसरले आणि गळलेली पाने अंदाजाने धरली. प्रबंध टाइप झाला होता. साठी पूर्ण होताच, म्हणजे दोन महिन्यांत, सर निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांची सही झाली नसती, तर मला नवे मार्गदर्शक शोधावे लागले असते.

"या ओळीतली टोकं कातरली होतीत?"

"नाही, सर. पण फरक पडलाच तर एका पानाचा पडेल."

"अहो, आपला विषयच एका पानाचा आहे. पुन्हा पेरा."

"ही ओळ?"

"सगळ्या. नुसती हीच पेरलीत, तर हवा वेगळी. तुलना कशाशी करणार?"

हे अन्यायाचे आहे, असे मी सरांना लेखी कळवले. 'वाचले' एवढा शेरा मारून सरांनी ते पत्र परत केले.

मग मात्र सर स्वतः रोज सकाळी कात्रजहून दोन बस बदलून प्लॉटवर येऊ लागले. ओळीत उकिडवे बसून टोके कातरत. खुरपणीला येणाऱ्या शेवंताबाई म्हणत, "सर, उठा की आता. पानं काय पळून चाललीत व्हय?"

"पळत नाहीत हो, वाळतात."

नव्या मोजणीत त्या ओळीतला बदल एक पान अलीकडे निघाला. त्या ओळीतले वाण इतरांपेक्षा उशिरा प्रौढ होते, असे मी प्रबंधात लिहिले होते. तसे काहीच नव्हते. सर आता ऐकवतील, म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते.

"चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल," सर म्हणाले. "चहा घेता?"

निवृत्तीच्या दिवशी हॉलमध्ये मंडळी हार घेऊन खोळंबली होती. दोनदा बोलावणे आले. सर खोलीत बसून माझे चौथे प्रकरण वाचत होते. शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यांनी सही केली आणि मग सत्काराला गेले.

त्या दिवशी मी आभार मानले नाहीत. राग होता, अजूनही पुरता गेलेला नाही. तरी ते आज इथे मानते. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो.