आत्याचं सोन्याचं गाव

निसर्गाने लोकांसमोर येताना जरा नीटनेटकं यावं, असं ठाम मत असलेली जगात एकच व्यक्ती असेल, आणि ती म्हणजे माझी डोंबिवलीची आत्या. पंचाहत्तरीत तिने मोबाइलवर देखाव्यांचे फोटो काढायला सुरुवात केली आणि तेव्हापासून सृष्टीची साफसफाई चालू आहे. वर्तकनगरला आमच्याकडे आली की उपवन तलावावर जायचं आणि काठावर बसलेल्या जोडप्याला सांगायचं, “तुम्ही जरा सरका रे, तळ्याला सरकता येत नाही.” जोडपं सरकतं. मी माफी मागतो. कामांची वाटणी अशी ठरलेली आहे.

मागच्या हिवाळ्यात तिने मला कोलारला नेलं. म्हणजे बॅगा मी उचलल्या. तिथल्या सोन्याच्या खाणीत आतोबा उमेदीच्या वयात सर्व्हेअर होते. दोघांचा संसार तिथेच सुरू झाला. आता ते अंथरुणाला खिळलेत. खाण कधीच बंद पडली, हे सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहत नाही आणि दर वेळी नव्याने ऐकून ते दिवसभर जेवत नाहीत. म्हणून आत्याने सांगणंच सोडलं. “त्यांना गाव बघायचंय,” ती मला म्हणाली, “पडझड नाही.”

त्यामुळे खाणीतून निघालेल्या मातीच्या पांढुरक्या टेकड्या तिने हिमालयाच्या थाटात टिपल्या. तिथल्या कानडी मेंढपाळाला शुद्ध मराठीत सांगून मेंढ्या डावीकडे घेतल्या; त्यानेही ऐकलं. क्वार्टर्सची पडकी भिंत झाकायला मला झाडाची फांदी वाकवून उभं केलं. “अजून खाली धर. भिंत गेली, आता तुझं पोट येतंय.” शेवटी खाणीच्या तोंडावरचा लोखंडी मनोरा. त्यावरचं, कामगारांचा पाळणा खाली सोडणारं प्रचंड चाक गंजून गेलेलं. त्या गंजावर संध्याकाळचं ऊन येईपर्यंत ती थांबली.

डोंबिवलीला परतल्यावर तिने पलंगापाशी बसून एकेक फोटो दाखवला. आतोबांनी टेकड्या ओळखल्या, मेंढ्यांना हसले. मनोऱ्यावर त्यांचं बोट थांबलं.

“पाळीवर कुणीच कसं दिसत नाही गं?”

आत्याने माझ्याकडे बघितलं. “रविवार होता हो.”

आम्ही गेलो होतो बुधवारी. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

“मग बरोबर,” आतोबा म्हणाले. “उद्या पहाटे भोंगा होईल. उठव मला.”

“उठवते. आधी दोन घास खाऊन घ्या.”

त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं. आत्या त्यांना वरणभात भरवत राहिली. तिचं लक्ष मात्र मोबाइलमधल्या त्या चाकाकडे होतं.