मंगलच्या पाठीचं माप

मंगल गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयसिंगपूरच्या घरी डबे भरत होते. फोन दिनकररावांचा, तिच्या नवऱ्याचा होता. चारच दिवसांपूर्वी कोल्हापूरच्या दवाखान्यात मी तिला बघून आले होते. नाकाला ऑक्सिजन लावलेला, तरी 'एवढं काही न्हाय' असं ती मला हातानंच सांगत होती. मोबाइलवर त्यांचं नाव बघितलं आणि हातातला डबा तसाच ठेवून फोन घेतला. ते एवढंच म्हणाले, "वहिनी... झालं." दीड महिना होत आला त्याला. मंगल माझी नणंद. पण नुसतं नणंद म्हटलं तर काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन कोल्हापूरच्या राजारामपुरीत आले, तेव्हा ती बालवाडीत शिकवायची. लहानपणापासून तिचा पाठीचा कणा एका बाजूला वळलेला होता. उजवीकडच्या फासळ्या पाठीवर फुगीर, डावीकडे खोलगट. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. ती पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घ्यायची आणि कपडे बदलताना दाराला कडी लावून वर खुर्चीही टेकवायची. एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या, तेव्हा तिनं मला खोलीत बोलावलं. "वहिनी, तुम्ही शिवणकाम शिकलाय न्हवं?" एवढं विचारून ती बराच वेळ मापाची टेप बोटाला गुंडाळत बसली. मग एकदम म्हणाली, "मी माझी आतली बॉडी घरीच शिवते. दुकानातली मला बसत न्हाय, आणि त्या काउंटरवरच्या माणसाला काय सांगणार? पण मागचं माप मला एकटीला घेता येत न्हाय हो..."

तिनं ब्लाउज उतरवून पाठ माझ्याकडे केली. खांद्यांवर लाल वळ उठले होते. छातीखालून जाणारा पट्टा मागं उजवीकडे वर चढायचा, तो खाली यावा म्हणून ती खांद्याच्या पट्ट्या आवळत गेली होती. आणि त्या आवळल्या की मागचा पट्टा आणखी वर चढायचा. "खांद्याचं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. "पट्टा चुकलाय. दोन्ही बाजू तू सारख्या कापतेस." ती म्हणाली, "सारख्याच असतात की सगळ्यांच्या." माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या नाहीत ना." नव्या नवरीनं नणंदेला असं बोलावं! तिनं टेप माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "तर मग कापा की वेगवेगळ्या."

तेव्हापासून ते आमचं दोघींचं काम झालं. मी कण्यापासून काखेखालच्या शिवणीपर्यंत उजवीकडचं माप वेगळं, डावीकडचं वेगळं घ्यायची. उजवी बाजू लांब आणि खाली उतरती कापली, डावी आखूड. कच्चे टाके घालून पहिल्यांदा तिला घातलं, तेव्हा पट्टा इतका छान आडवा बसला की मला आनंदच झाला. आरशात तिचं तोंड मात्र पांढरंफटक पडलेलं. "वहिनी, काढा... काढा आधी." मी भराभर हूक काढले. मी माप श्वास सोडल्यावर घेतलं होतं. तिच्या फुप्फुसांना जागाच कमी, एरवी चालणारा आवळपणा तिला चालणारा नव्हता. भरल्या श्वासावर माप घेतलं तर तोच पट्टा सैल पडून पुन्हा वर चढायचा. शेवटी पुढचा भाग साध्या पॉपलिनचा ठेवला, पाठीवर ताणणारं कापड घातलं आणि हुकांसाठी जास्तीची घरं केली. दरवेळी मी टाचण्या लावल्या की तिला मोठा श्वास घ्यायला लावायची, आणि ती तो घेईपर्यंत माझा अडकलेला असायचा.

मग बिद्रीचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला, घरी थोडी शेती. सासूबाई मला म्हणाल्या, "डाव्या बाजूला आत फोम घाल. ब्लाउजवरनं पाठ सारखी दिसायला पायजे. एकदा अक्षता पडल्या की कोण बघतंय?" मी मंगलकडे बघितलं. फोम तिनंच शिवला. बघायचा कार्यक्रम झाला, दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं, आणि आत आम्ही सगळे पोह्यांच्या बशा हातात धरून बसलो. ती आत आली ती थेट स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग. "वहिनी, मी सांगून टाकलं. पाठ वाकडी हाय, आत फोम घातलाय म्हणून." "मग? काय म्हणाले?" ती म्हणाली, "म्हणाले, एक खांदा वर हाय ते चहा देतानाच दिसलं की."

होकार लगेच आला नाही. सासूबाई तिच्याशी बोलेनात, फोन वाजला की मंगल बाहेर जाऊन तुळशीला पाणी घालायची, परत परत. शेवटी दिनकरराव स्वतःच आले, वडिलांना घेऊन. ते का थांबले होते ते मी कधी विचारलं नाही. थांबले आणि मग आले, एवढं पुरेसं होतं.

बाळंतपणाला ती राजारामपुरीत आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पोट वर चढेल तसा श्वासाला त्रास होणार. मी पट्टा सैल करत होते. पण तिच्या बरगड्या इतरांसारख्या दोन्हीकडे पसरत नव्हत्या, सगळं उजवीकडेच फुगत होतं. तिकडं कापड जोडायची, पुन्हा उसवायची. "अजून वाढलं का हो?" ती विचारायची, आणि मी पुन्हा टेप लावायची. वाढलं नाही तर बाळाची काळजी, वाढलं तर तिची. शेवटच्या महिन्यात हूक काढून टाकले आणि बाजूला नाडी लावली. ती उशांना टेकून बसूनच झोपायची, दम लागला की स्वतःच नाडी ओढून सैल करायची. ऑपरेशन करून ऋतुजा झाली. आतून रडणं ऐकू आलं तेव्हा मी दवाखान्यातल्या बाकावरून उठलेच नाही. "आईचं सांगा आधी," म्हणाले. नर्स हसली. दोघीही सुखरूप होत्या.

पुढं यांची बदली झाली आणि आम्ही जयसिंगपूरला आलो. मंगल बिद्रीला संसारात रमली, घरी शिकवण्या घेऊ लागली. भेटी सणावारी व्हायच्या. "आता माप कोण घेतं ग?" असं विचारलं की ती हसून विषय बदलायची. गेल्या दोन हिवाळ्यांत मात्र जिना चढताना तिला मध्ये थांबावं लागायचं. या वेळचा साधा खोकला छातीत उतरला तो उतरलाच...

परवा बिद्रीला गेले. तिच्या मशीनजवळ, साडीनं झाकलेलं काहीतरी उभं होतं. दिनकररावांनी साडी काढली. मंगलच होती. नुसतं धड; मान नाही, हात नाहीत. पण तोच वर गेलेला खांदा, तोच पाठीवरचा फुगवटा. "तुम्ही गेल्यावर मापाचं अडायला लागलं," ते सांगू लागले. "मग हिनं शोधून काढलं. जुनं बनियन घातलं, वरनं मी पॅकिंगची चिकटपट्टी गुंडाळली. पुढनं कापून काढलं आणि कापूस भरला. वर्षाला नवं करायचो." त्यावर अर्धवट शिवलेला एक पट्टा टाचण्यांनी लावलेला होता.

ऋतुजा दारात उभी होती. "मामी, उजवीकडचा कापूस बसत चाललाय," ती म्हणाली. "आता कुणाचीबी पाठ वाटाय लागली." दिनकरराव म्हणाले, "मी भरून बघितला, पण जमत न्हाय. तुम्हीच भरा."

मी पट्टा काढला, धडाची शिवण उसवली आणि मूठमूठ कापूस आत सारत गेले. फार भरला की ऋतुजा "जास्त झाला" म्हणायची, मी काढायची. बऱ्याच वेळानं दिनकरराव हळूच म्हणाले, "व्हय. आता बराबर."

निघताना ते फाटकापर्यंत आले.

"कापूस परत बसला तर बोलावतो, वहिनी. याल न्हवं?"

"येईन की," मी म्हणाले.