आमटीची बादली

पंगतीत कुणी "आमटी, आमटी" असा पुकारा केला, की तात्यांचा चेहरा पडायचा. पाहुण्याला मागावं लागलं म्हणजे वाढपी झोपलाय, असं त्यांचं स्पष्ट मत. आमच्या मार्गासनी गावात लग्न असो नाहीतर तेराव्याचं जेवण, आमटीची बादली तात्यांच्याच हातात. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि हटकायची कुणाची छाती नव्हती. लेंगा पोटरीपर्यंत दुमडायचा, डाव्या हातात बादली, उजव्यात ओगराळं, आणि समोरासमोरच्या दोन रांगांमधून निघायचं. दोन्हीकडच्या पानांवर एकाच वेळी नजर. कुणाचा भात कोरडा पडलाय, ते त्यांना चार पानं आधीच कळे.

आमच्यासारख्या हौशी वाढप्यांना त्यांचा एकच धडा होता. "पानाकडं बघायचं, तोंडाकडं न्हाई." एकदा तालुक्याचे एक पुढारी जेवायला बसले होते आणि शेजारी वरच्या वस्तीवरचा एक शेरडंवाला. मी पुढाऱ्यांना तिसऱ्यांदा लापशी वाढायला वाकलो, तेव्हा तात्यांनी सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं. "संपत, त्येंचं पोट भरलंय. ह्यो मानूस सकाळधरनं चालत आलाय." पुढारीही हसले. मी मात्र आठवडाभर तात्यांवर रुसून होतो.

मग तात्या धडकायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, वाटेतली घागर लाथेनं उडायची. आम्ही चिडवायचो, "तात्या, लक्ष कुठाय? दुसरं लग्न करताय काय?" ते हसून म्हणायचे, "चौकटच सरकली रं बाबांनो." डोकं लई ठणकतं म्हणून फडकं बांधून फिरायचे. पारावर बसलेल्यांना राम राम न करता तसेच पुढं निघून जायचे. तात्यांना माज आला, असं लोक म्हणू लागले. मीही म्हणालो असेन, आता नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. वऱ्हाड किकवीचं. तात्या बादली घेऊन निघाले ते नाकासमोर बघत, आणि नवऱ्याच्या तीन चुलत्यांची पानं तशीच राहिली. दुसऱ्या फेरीलाही तीच तीन. तिसऱ्यांदा बादली एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या खांद्यावर आपटली आणि कढत आमटी त्यांच्या धोतरावर सांडली. तिघे चुलते पानावरून उठले. "आमाला जेवाया बोलावलंय का दुसऱ्याचं त्वांड बघाया?" मी धावत गेलो, तात्यांच्या हातातली बादली हिसकावली आणि भर मांडवात ओरडलो, "तुमच्यानं होत न्हाई तर घरी बसा की!"

तात्यांनी रिकामं ओगराळं तेवढं माझ्या हातात दिलं.

पुढच्या आठवड्यात त्यांची बायको, आमच्या काकी, त्यांना एसटीनं वेल्ह्याच्या नेत्रशिबिरात घेऊन गेल्या. भिंतीवरच्या तक्त्यावरची अगदी तळातली बारीक ओळसुद्धा तात्यांनी घडाघडा वाचली. डोळे ठणठणीत आहेत, असं सांगून त्यांना परत पाठवलं. गावाला तेवढंच हवं होतं. डोळे चांगले, म्हणजे पानं मुद्दामच टाळली. तात्यांनाही वाटलं, चूक आपल्याच चित्ताची आहे. ते खरंच घरी बसले. दारात नाहीत, पारावर नाहीत, दिवसभर आतल्या खोलीत. मी एकदाही तिकडं फिरकलो नाही.

दिवाळी सरल्यावर काकी माझ्या दारात आल्या, कारण गाडी माझ्याकडेच होती. "संपत, त्येंला आता ताटातली भाकर बी दिसंना झाल्या." मी त्यांना पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आपले दोन्ही हात त्यांच्या कानांच्या रेषेत धरले आणि विचारलं, "बाबा, किती बोटं?" तात्या म्हणाले, "कुठली बोटं?"

मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. तिथली गाठ वाढत वाढत वर डोळ्यांच्या शिरांना दाबत होती. बाई मला कागदावर काढून समजावत होत्या. आधी दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं, समोरचं मात्र स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला स्वतःलाच कळत नाही. तक्ता तर समोरच असतो. "सहा-सात महिने आधी आणलं असतं, तर नजर वाचायची बरीच आशा होती." मी मनातल्या मनात महिने मोजले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सहा-सात महिन्यांत त्यांना मीच घरी बसवलं होतं.

नाकातून ऑपरेशन करून गाठ काढली. डोकं ठणकायचं थांबलं. नजर परत आली नाही, आणि आता येणारही नाही.

परवा भेटायला गेलो. तात्या भिंतीला टेकून बसले होते. काकींनी माझं नाव सांगितलं. मी पाय धरले, माफी मागायला तोंड उघडलं, तोच त्यांनी चाचपडत माझा हात शोधला.

"संपत, लई दिस विचारीन म्हनत हुतो. ती किकवीची तिघं जनं उठली व्हती न्हवं? त्येंला मागनं कुनी वाढलं का?"

ते तिघे त्या दिवशी उपाशीच परत गेले होते.

"व्हय तात्या," मी म्हणालो, "म्या वाढलं."