सगळ्यांना आत घेणारी व्याख्या

दामिनी ठवकरला गणितातली टोपॉलॉजी आवडायची ती सांतत्यामुळे. जवळचे बिंदू जवळच राहतात, मध्येच काही तुटत नाही, ते संतत फलन. इतकी स्वच्छ गोष्ट तिने दुसरी पाहिली नव्हती. पारशिवनीहून येऊन ती वाडीच्या कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली, पीएच.डी.साठी गणपतराव सरांकडे गेली, आणि तिथे या गोष्टीचा पार चोथा झालेला तिने पाहिला.

सरांचा धंदा एकच. संतततेची अट थोडी सैल करायची, तिला नवं नाव ठेवायचं आणि जुनीच प्रमेयं नव्या नावाने पुन्हा सिद्ध करायची. दर विद्यार्थ्यामागे एक नवं सांतत्य. दामिनीच्या वाट्याला 'मृदुसंतत' आलं.

प्रबंध सादर झाल्यावर ती सहज, मृदुसंतत नसलेलं एखादं फलन शोधायला बसली. सापडेना. शेवटी कारण लक्षात आलं. अट इतकी सैल होती की झाडून सगळी फलनं तिच्यात बसत होती, चिंध्या करणारीसुद्धा.

ती तडक सरांकडे गेली. सरांनी तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत तिचं सगळं ऐकून घेतलं.

"एखादं प्रमेय खोटं हाये का वं?"

"नाही सर. पण ते कशाबद्दल काही सांगूनच नाही राहिलं."

"मंग काहून डोकं पिकवून राहिली? पर्मनंट व्हायचं हाये ना तुले?" सर खिडकीतून पचकन थुंकले.

व्हायचं होतं. जागा निघाली होती, आणि पीएच.डी.शिवाय अर्जसुद्धा घेणार नव्हते.

मौखिकीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे जेवण दामिनीचं होतं. बाहेरगावचे परीक्षक आले ते वडाभाताची चौकशी करतच. कुणी विचारलं तर खरं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. कुणी विचारलंच नाही. मग तिनेच खडू उचलला आणि जागोजाग तुटलेलं एक फलन फळ्यावर मांडलं.

"हेही मृदुसंतत आहे सर. सगळीच आहेत. माझ्या व्याख्येबाहेर काही उरतच नाही."

तिने खडू खाली ठेवला. गेली नोकरी, तिला वाटलं, आणि किती दिवसांनी मोकळा श्वास आला.

"वा!" परीक्षक म्हणाले. "म्हणजे आजवरचं सगळ्यांत व्यापक सांतत्य!"

टाळ्या पडल्या. गणपतरावांच्या खांद्यावर शाल चढली.

पंगतीत परीक्षक भातावर फोडणीचं तेल ओतून घेत म्हणाले, "माझ्या एका विद्यार्थ्याला याचंच पुढचं काम देतो."

"याच्याहून सैल काय करणार सर?" वाढायला उभ्या दामिनीने विचारलं.

"नाव तर बदलता येते ना!" ते तोंडातल्या घासासकट हसले आणि ताट पुढे केलं.

दामिनीने त्यात आणखी दोन वडे वाढले. आणि त्या वाढणाऱ्या हाताची तिला शिसारी आली.