दाखवेंनी हलवलेली बाटली

प्रयोगशाळेतल्या त्या मदतनिसाचं खरं नाव रुग्णांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला पाठीमागे ‘दाखवे’ म्हणत, आणि त्यात अन्याय काही नव्हता. या माणसानं जन्मभर दुसरं केलं काय? नवा मोबाइल दाखवला, मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवलं, स्वतःच्या पित्ताशयातल्या खड्यांचे फोटो दाखवले, तेही समोरचा डबा खात असताना. काम म्हणाल तर काचेची भांडी धुवायचं. पण पांढरा कोट चढवला की असा काही चालायचा, की नवखी माणसं डॉक्टरबाईंना सोडून त्यालाच तब्येतीचं विचारत. आणि हा खुशाल उत्तरं देत असे.

आजारी लेकीला तिथं घेऊन येणाऱ्या एका आईच्या तो पहिल्या भेटीतच डोक्यात गेला होता. पण गरज तिची होती. लेकीला ल्युपस झालेला, म्हणजे शरीराचं संरक्षण करणारी फौज स्वतःच्याच शरीरावर उठलेली. आधी गालांवर लाल चट्टे आले, मग सांधे धरले, आणि आता लघवीतून प्रथिनं जाऊ लागली होती. मजल किडनीपर्यंत गेली होती.

डॉक्टरबाईंनी तिला सगळं समजावलं होतं. अंगात डेंड्रिटिक पेशी असतात. त्या सापडेल तो तुकडा उचलतात आणि लढणाऱ्या पेशींना नेऊन दाखवतात. तुकडा जंतूचा असला की लढाई जुंपते. आपल्याच शरीराचा असला, तर त्या तो गाजावाजा न करता दाखवतात, आणि लढणाऱ्या पेशी शिकतात, की हा घरचा, याच्या वाटेला जायचं नाही. ल्युपसमध्ये मात्र याच पेशी घरातल्या मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात आणि शत्रू आला म्हणून बोंब ठोकतात.

लेकीच्या रक्तातून अशा पेशी एका बाटलीत वाढवल्या होत्या. त्यांना शांत करणारं औषध दुसऱ्या दिवशी घालायचं होतं. त्या शांत झाल्या, तर नव्या उपचाराच्या चाचणीत तिला जागा मिळणार होती. संधी एकच होती. स्टेरॉइडनं रक्तातल्या या पेशी दबतात, म्हणून नमुन्याचा निकाल लागेपर्यंत त्याचा मोठा डोस थांबवून ठेवला होता, आणि किडनी फार वाट बघणार नव्हती.

औषध घालायच्या आदल्या दिवशी आई नुसती चौकशीला आली, तेव्हा डॉक्टरबाई बाहेर गेल्या होत्या. दाखवेंना रानच मोकळं. पेशींच्या बाटल्या ऊबेत ठेवायच्या उबपेटीच्या दारावर ‘बाटल्या हलवू नयेत’ असा कागद होता, दाखवेंच्याच अक्षरात. आधी त्यांनी ते वळणदार अक्षर दाखवलं. मग दार उघडून बाटली काढली, उजेडात धरली आणि सरबत ढवळावं तशी गरगर फिरवली.

“अहो, राहू द्या ना ती,” आई म्हणाली.

“काळजी सोडा, ताई. जबाबदार माणसाच्या हातात आहे. बघा कशा नाचतात.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकावरून मान वर करेनात. या पेशी कोवळ्या असताना गुच्छ करून एकमेकींना बिलगून असतात. गुच्छ नुसता हिसका बसून मोडला, तरी त्या खडबडून जाग्या होतात. आता एकही गुच्छ उरला नव्हता. प्रत्येक पेशीनं लांब हात पसरले होते. एकदा जाग्या झालेल्या पेशी औषधानं शांत होत नाहीत; ते घालण्यात आता अर्थ नव्हता.

बाटली कुणी हलवली, असं त्यांनी विचारलं. दाखवेंनी उबपेटी जुनी झाल्याचं सांगितलं, मग विजेवर घसरले, आणि शेवटी खुर्चीत सुजलेली बोटं मांडीवर घेऊन बसलेल्या लेकीकडे बघून म्हणाले, “मुळात रक्तच तापट हो हिचं.”

“यांनी हलवली,” आई म्हणाली. “मला दाखवायला. मी नको म्हणत होते.”

माणूस शरमेल, असं कुणालाही वाटलं असतं. छे. दाखवेंनी लगेच तोडगा काढला. डोस थोडा लांबवा, परत रक्त द्या, या वेळी मी जातीनं लक्ष घालतो. डॉक्टरबाई इतकंच म्हणाल्या, की थांबा असं त्या सांगणार नाहीत.

आईनं लेकीकडे पाहिलं. मग चाचणीवर पाणी सोडलं.

“डोस आजच सुरू करा.”

“काका,” लेक उठता उठता म्हणाली, “आता मला सुई टोचतील. ती दाखवायला कुणाला घेऊन येऊ नका.”

सलाइन लागलं, लेकीचा डोळा लागला. बाहेर दाखवे एका नव्या पेशंटच्या वडिलांना तीच बाटली दाखवत होते. जाग्या झालेल्या पेशी म्हणे इतक्या छान क्वचितच बघायला मिळतात. आईनं उठून दार लावून घेतलं.