रविवारचं वेलचीचं दूध

गेल्या वर्षी माझ्या रक्तातलं ड जीवनसत्त्व इतकं उत्तम निघालं की मी त्यावर शाळेच्या स्टाफरूममध्ये भाषण दिलं. मी भिवंडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ते खरंही वाटलं. (ऐकणारे दोघंच होते आणि दोघांचेही डबे उघडलेले होते, म्हणून त्यांना उठून जाता आलं नाही.)

सगळी सुरुवात झाली आईच्या गुडघ्यांपासून. आई मूळची खारबावची. दर उन्हाळ्यात ती तिथे थोरल्या बहिणीकडे, वनीमावशीकडे, पापड करायला जाते. मावशीला आता नीट दिसत नाही. ती लाट्या करते, आई लाटते, आणि लाटता लाटता दोघी मिळून झाडून सगळ्या नातेवाइकांचा समाचार घेतात. आईचं अख्खं वर्ष त्या पंधरवड्याची वाट बघण्यात जातं. पण थंडीत एकदा रिक्षातून उतरताना ती अशी लटपटली की मी तिला तडक डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट आला. ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच! डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, पडल्या तर अवघड होईल. रोज कॅल्शियमची गोळी, आठवड्यातून एकदा पावडरची पुडी दुधातून, आणि सकाळचं ऊन.

घरी येऊन मी जाहीर केलं की रिपोर्ट सुधारल्याशिवाय खारबाव बंद. पोळपाटाला गुंडाळलेलं फडकं आईनं सोडलं आणि पुन्हा घट्ट बांधलं. तिचा निषेध असाच असतो.

आधी उन्हाचं बघितलं. आमच्या इमारतीच्या एका अंगाला कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, दुसऱ्या अंगाला आमच्यासारखीच इमारत, त्यामुळे ऊन मिळतं ते फक्त गच्चीवर. मी आईसाठी खुर्ची वर नेली. नेताना जिन्यात दोनदा दम खायला थांबलो. आई मागून कठडा धरून येत होती आणि माझ्याकडे बघत होती. वर पोचल्यावर तिनं डोक्यावर पदर घेतला, पदरावर शाल घेतली आणि छत्री उघडली. पायात मोजे होतेच. उन्हात बसायचं म्हणून तिनं उन्हापासून बचावाची जय्यत तयारी केली होती! पुढे सोबतीला शेजारच्या शमीमभाभीही येऊन बसू लागल्या. दोघींचं उघडं काय असेल तर ते फक्त तोंड, आणि ते तासभर मिटत नसे.

पुडीची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. दर रविवारी सकाळी कपाटातून एक पुडी काढून, वर्गात उत्तरपत्रिका द्यावी तशी मी ती आईच्या हातात द्यायचो. ती स्वयंपाकघरात जायची, आणि थोड्या वेळानं वेलची-जायफळ घातलेल्या दुधाचे ग्लास बाहेर यायचे. एक मला, एक वृंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि एक वाटीनं झाकून शमीमभाभींकडे. असं दूध आमच्याकडे एरवी सणावारीच होतं. मला वाटलं, औषध घ्यायचा कंटाळा येत असेल, म्हणून बिचारी जरा मन रमवत असेल. मी आपला ग्लासाला चिकटलेली सायसुद्धा बोटानं पुसून खायचो.

हळूहळू माझ्यात फरक दिसायला लागला. जिन्यात दम लागेना. सकाळी उठल्यावर अंग जड वाटेना. मी सूर्यनमस्कार सुरू केले होते, त्याचं सगळं श्रेय मी त्यांना दिलं. (ते मी पडदा लावून, पंख्याखाली घालत असे, आणि तिसरा बहुधा मनातल्या मनात.) शमीमभाभी एकदा गच्चीवर म्हणाल्या, "सर, आपा के हाथ का दूध पीती हूँ ना, तब से घुटनों में जान आ गई है." मी विज्ञानशिक्षकाचं हसू हसलो आणि अंधश्रद्धेवर त्यांना चार शब्द सुनावले. (हिंदीत. माझ्या हिंदीतून त्या अजून सावरलेल्या नाहीत.)

उन्हाळा लागला तेव्हा आईचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा जागचा हललेला नव्हता. त्याच दिवशी वनीमावशीचा फोन आला की उडीद दळून तयार हायेत, कवा येतंय? आई एवढंच म्हणाली, "पोरगा सोडत न्हाय." मग आत जाऊन आडवी झाली. दिवसाउजेडी आडवी झालेली आई मी फारशी बघितलेली नाही. मला फार वाईट वाटलं आणि कशाचं तरी वाईट वाटलं की मी भांडायला निघतो.

आधी औषधाच्या दुकानात गेलो. पावडर बनावट आहे, असं मी गिऱ्हाइकांसमोर ठणकावून सांगितलं. दुकानदारानं शांतपणे विचारलं, "आजी वेळेवर घेतात ना?" मी म्हणालो, मी स्वतः देतो. तिथून मी लॅबमध्ये गेलो. तुमचं मशीन बिघडलंय म्हणालो, आणि ते सिद्ध करायला माझं स्वतःचं रक्त दिलं. प्रयोगात तुलनेला दुसरा नमुना लागतो, हे मी मुलांना दरवर्षी शिकवतो. माझा रिपोर्ट आला तो हा असा उत्तम! लॅबवाला कौतुकानं विचारू लागला, सर, घेता काय? मग काय, मी शाळेत भाषण दिलं आणि घरी येऊन तेच आईला ऐकवलं. शिस्त, आहार, सूर्यनमस्कार. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं," ती म्हणाली, "तुझं तरी चांगलं हाय." एवढं समाधान त्या आवाजात कशाला, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

माझा संशय अजून पावडरीवरच होता. ती दुधात विरघळत नसणार! पुरावा म्हणून व्हिडिओ काढायचं मी ठरवलं आणि रविवारी आईच्या मागोमाग मोबाईल धरून स्वयंपाकघरात शिरलो. आईनं पुडी फाडली. गॅसवर सगळ्यांच्या दुधाचं पातेलं होतं, त्यात ती सरळ उपडी केली. पळीनं छान ढवळलं. मग ग्लास भरले. सगळ्यात मोठा माझा. स्वतःसाठी तिनं पातेल्यात उरलेलं घोटभर दूध एका वाटीत काढलं.

"आई, ही पुडी तुझ्या एकटीची आहे."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "एकटीनं कसं प्यायाचं? घरात माणसं असताना?"

"औषध आहे ते!"

"लहानपणी तुला टॉनिक आणायचे तुझे बाबा. पहिला चमचा मला पाजल्याबिगर तू तोंड उघडायचा न्हाईस. अर्धी बाटली मीच प्यायले." ती ग्लास पुसत राहिली. "त्या दिवशी जिन्यात तू केवढा धापा टाकत होतास. माझी हाडं डॉक्टरनं बघितली. तुझी कोण बघतंय?"

माझा हात खाली आला. व्हिडिओत पुढे बराच वेळ फक्त फरशी आणि माझी चप्पल दिसते, आणि कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज येतो. आईचे गुडघे, आईचं खारबाव, सगळं मी दर रविवारी सायीसकट पिऊन टाकलं होतं.

पुढच्या रविवारपासून पुडी तिच्या एकटीच्या ग्लासात पडायला लागली, आणि मी समोर बसून राहायचो. शमीमभाभींना मी त्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि त्यांची माफीही मागितली. (मराठीत.) उन्हाळा सरता सरता आईचा आकडा वर चढला आणि मी तिला खारबावला सोडून आलो. दारात वनीमावशीनं तिला हातानं चाचपून बघितलं. मग दोघी जणी पोळपाटापाशी बसल्या, आणि पहिला समाचार माझाच घेतला गेला.

ती परत आली तेव्हा पापडांचा डबा वर नेताना मी जिन्यात तीनदा थांबलो. आई पुढे जाऊन दार उघडून उभी होती. पुन्हा रक्त दिलं. माझं ड जीवनसत्त्व पार तळाला गेलं होतं, सूर्यनमस्कार रोज चालू असूनही! डॉक्टरांनी मलाही पुडी लिहून दिली.

रविवारी आईनं ती दुधात ढवळून ग्लास माझ्या हातात दिला. मी तो धरून नुसता बसलो. आईनं माझ्याकडे बघितलं, ग्लास घेतला, एक घोट घेतला आणि परत दिला.

"झालं? पी आता."

मग मी प्यायलो. यावर मी शाळेत अजून भाषण दिलेलं नाही.